‘कुणी पाठवलं?’ : केसपेपरवरच्या एका रकान्याचा इतिहास

मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी मदत देणाऱ्या कुठल्याही केंद्रात गेलात, तर पहिल्या भेटीत एक कागद भरला जातो. नाव, वय, इयत्ता, घरात कोण कोण, तक्रार काय. त्यातच कुठेतरी एक छोटा रकाना असतो: कुणी पाठवलं? शाळेनं, कोर्टानं, नेहमीच्या डॉक्टरांनी, शेजारच्या काकूंनी, की स्वतःहून आलात? भरणारा माणूस तो घाईघाईत भरतो, पुष्कळदा रिकामाही सोडतो. पण या विषयाच्या इतिहासावर काम करायचं असेल, तर माझ्या मते अख्ख्या केसपेपरवरचा सगळ्यात मोलाचा रकाना हाच.

मी मुळात प्राणीशास्त्राची विद्यार्थिनी. एम.एस्सी.ला तलावातले मासे मोजायला लावतात तेव्हा पहिला धडा हा असतो, की जाळ्याची भोकं केवढी आहेत ते आधी लिहा. मोठ्या भोकांच्या जाळ्यात लहान मासे आले नाहीत, म्हणून तलावात लहान मासे नाहीत असं म्हणता येत नाही. बालमार्गदर्शन केंद्रांचा, म्हणजे ज्यांना आपण चाइल्ड गायडन्स क्लिनिक म्हणतो त्यांचा इतिहास वाचायला लागले, तेव्हा हा जाळ्याचा धडा मला पानोपानी भेटला. ‘मुलांना काय होतं’ आणि ‘दोष कुणाचा’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरं गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलली. आणि बऱ्याचदा ती बदलली ती मूल कुठल्या दारातून आत येतं हे बदललं म्हणून.

सुरुवात बहुतेक पुस्तकं १८९६ पासून करतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे मार्गारेट मॅग्वायर या शिक्षिका एका चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा हुशार, पण स्पेलिंग काही केल्या जमत नव्हतं. विटमरनी तपासलं तर त्याच्या नजरेतही दोष निघाला. चष्मा लागला, शिकवणी सुरू झाली, आणि जगातलं पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक उभं राहिलं. इथे दार शाळेचं होतं, त्यामुळे प्रश्नही शाळेचाच होता: हे मूल शिकत का नाही? मुलाच्या घरात काय चाललंय, हा प्रश्न त्या दारातून सहसा आत येत नाही.

तेरा वर्षांनी शिकागोत दुसरं दार उघडलं, ते कोर्टाचं. तिथे १८९९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय सुरू झालं होतं. जेन अ‍ॅडम्स यांच्या हल हाउसमधल्या बायकांचा त्यामागे मोठा रेटा होता. पण न्यायाधीशांच्या लक्षात आलं, की तीच तीच मुलं पुन्हा समोर उभी राहतात. मग १९०९ मध्ये एथेल डमर या बाईंनी पैसा उभा केला आणि विल्यम हीली या मज्जाविकारतज्ज्ञांना पाच वर्षांसाठी नेमलं. काम काय, तर ही मुलं असं का वागतात ते शोधा. त्या काळात गुन्हेगार जन्मतःच तसा असतो ही समजूत जोरात होती. हीलींनी सुमारे हजार मुलांचा अभ्यास करून १९१५ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं सार असं, की एकच एक कारण सापडत नाही, प्रत्येक मुलाची कहाणी वेगळी असते. ती कहाणी मुलाच्या तोंडून ऐकायची, हा त्यांचा आग्रह होता. आज हे साधं वाटतं. पण तोवर मुलाला विचारतंच कोण होतं?

हीली १९१७ मध्ये शिकागो सोडून बोस्टनला गेले. शिकागोत ते निदान करायचे, शिफारस लिहायचे, पण ती अमलात आणायला ना संस्था होत्या ना माणसं. निदान आहे आणि पुढे काहीच नाही, ही तक्रार आजच्या पालकांच्या तोंडून ऐकली की मला शिकागो आठवतं.

तिसरं दार घराचं. १९२२ पासून कॉमनवेल्थ फंड या अमेरिकन धर्मादाय संस्थेनं गावोगावी नमुना क्लिनिकं काढली, पहिलं सेंट लुईसला. ‘बालमार्गदर्शन’ हा शब्द रुळला तो तिथून. एक मनोविकारतज्ज्ञ, एक मानसशास्त्रज्ञ आणि एक समाजकार्यकर्ती असं तिघांचं पथक ठरलं. डॉक्टर मुलाशी बोलणार, मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेणार आणि समाजकार्यकर्ती घरी जाऊन आईशी बोलणार. आधी कोर्टातली मुलं यायची, पण हळूहळू केंद्रांनाच वाटू लागलं, की गुन्हा होईपर्यंत थांबायचं कशाला? मग शाळेनं पाठवलेली, आईवडिलांनी स्वतः आणलेली मुलं वाढली. हट्टी, भित्री, रात्री अंथरुण ओलं करणारी, भावंडांशी भांडणारी. म्हणजे जवळपास आपण सगळेच!

दार बदलल्याबरोबर आरोपीही बदलला, हे इथे नीट बघा. कोर्टाच्या दारातून मूल यायचं तेव्हा गरिबी, वस्ती, वाईट संगत ही कारणं नोंदींत भरपूर सापडतात. घराच्या दारातून यायला लागलं तेव्हा समोर खुर्चीत आई बसलेली असायची. वडील कामावर. मग कारण कुणात सापडणार? जी समोर आहे तिच्यात. कॅथलीन जोन्स यांनी ‘टेमिंग द ट्रबलसम चाइल्ड’ या १९९९च्या पुस्तकात आईला दोष देण्याची ही परंपरा तपशिलात मांडली आहे. या विषयात येणाऱ्यानं ते पुस्तक वाचावंच. आई अतिलाड करते, आई थंड आहे, आई फार काळजी करते. एकाच बाईबद्दल तिन्ही शेरे सापडले तरी आश्चर्य वाटू नये.

इथे जरा थांबून दोन अभ्यास शेजारी ठेवू, कारण पेट-नेटच्या मुलाखतीत ‘कंट्रोल ग्रुप कसा निवडाल’ हा प्रश्न हमखास येतो.

पहिला हीली आणि ऑगस्टा ब्रॉनर यांचा, १९३६चा. त्यांनी गुन्हा केलेली १०५ मुलं घेतली आणि तुलनेला त्यांचीच गुन्हा न केलेली १०५ सख्खी भावंडं. घर तेच, गल्ली तीच, आईवडील तेच. रचना म्हणून मला हा अभ्यास फार आवडतो. गुन्हा करणाऱ्यांपैकी ९१ टक्के मुलांत भावनिक अस्वस्थता दिसली, भावंडांत १३ टक्के. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण मूल्यमापन करणारे कोण? त्याच प्रकल्पातले लोक, ज्यांना कुठलं मूल कुठल्या गटातलं हे ठाऊक होतं. त्यामुळे त्या ९१ मध्ये मुलांचं किती आणि बघणाऱ्यांचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

दुसरा जॉन बोल्बी यांचा. १९२९ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टनमध्ये कॉमनवेल्थ फंडाच्याच पैशांनी बालमार्गदर्शन केंद्र निघालं होतं. बोल्बी तिथे कामाला होते. केंद्रात आलेली ४४ चोरी करणारी मुलं त्यांनी घेतली आणि तुलनेला त्याच केंद्रातली चोरी न करणारी ४४ मुलं. हा अभ्यास १९४४ मध्ये छापून आला. चोरांपैकी १४ मुलं त्यांना मायेचा ओलावाच नसलेली वाटली, आणि त्या १४ पैकी १२ मुलांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झाली होती. उरलेल्या ३० चोरांत अशी ५ मुलं, आणि दुसऱ्या गटातल्या ४४ मध्ये फक्त २. आता रकाना आठवा. दोन्ही गट केंद्राच्या दारातून आत आलेले आहेत. आईपासून दूर राहूनही व्यवस्थित वाढलेलं मूल या अभ्यासात येऊच शकत नाही, कारण त्याला कुणी केंद्रात पाठवलंच नाही. शिवाय मुलांना तपासणारे आणि निदान करणारे बोल्बी स्वतःच. पुढे १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी आईच्या मायेवर अहवाल लिहिला, तो जगभर वाचला गेला आणि नोकरी करणाऱ्या आयांच्या माथी बरंच काही मारलं गेलं. बोल्बींच्या विचारांत मोलाचं खूप आहे. रुग्णालयात दाखल मुलाजवळ आईला राहू द्यावं ही गोष्ट मान्य होण्यात त्यांच्या विचारांचा वाटा आहे. पण ४४ हा आकडा केवढ्या मोठ्या निष्कर्षापर्यंत ताणला गेला, हेही बघायला हवं.

रकान्यानं विज्ञानाला सरळ सरळ चकवल्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मात्र स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन लिहिलं. त्यांनी नोंदवलं, की या मुलांचे आईवडील अतिशय शिकलेले, बुद्धिमान आहेत, आणि त्यांत ऊबदार स्वभावाचे फार थोडे. पुढे याचंच ‘थंड आई’ झालं. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७च्या पुस्तकात तर ते टोकाला नेलं. आधीच मुलाच्या काळजीनं खचलेल्या आईला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, की तूच याला असं केलंस.

पण ही ११ मुलं कॅनरांपर्यंत पोचली कशी? पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातल्या एका छोट्या गावातला. त्याच्या वडिलांनी १९३८ मध्ये मुलाबद्दल टाइप केलेलं ३३ पानी पत्र पाठवलं होतं. वडील वकील. आता सांगा, ३३ पानं टाइप करून दूरच्या नामांकित डॉक्टरला मुलाबद्दल बारकाईनं लिहिणारे आईवडील कोण असणार? शिकलेलेच असणार. सालदाराच्या घरात तसंच मूल असेल, तर ते त्या यादीत कुठून येणार? जाळ्याची भोकं एवढी मोठी, की फक्त मोठे मासे आले, आणि मग निष्कर्ष निघाला की हा मोठ्या माशांचाच आजार.

हा गुंता सुटायला बरीच वर्षं गेली. लोर्ना विंग या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. पालकांनी मिळून १९६२ मध्ये संस्था काढली, त्यात त्या होत्या. त्यांनी आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागात उलटं काम केलं. केंद्रात कोण येतं याची वाट न बघता, त्या भागातली विशेष मदतीची गरज असलेली मुलं त्यांनी शोधून काढली. मग १९८० मध्ये विंग यांनी थेट प्रश्न विचारला, की स्वमग्नता आणि सामाजिक वर्ग यांचा जो संबंध दिसतो तो निवडीचा परिणाम तर नाही? कॅम्बरवेलमध्ये तसा संबंध दिसला नाही. कॅनर यांनीही १९६९ मध्ये पालकांच्या सभेत उभं राहून त्यांना दोषमुक्त केलं. गंमत म्हणजे याच कॅनर यांनी १९४१ मध्ये आयांच्या बचावासाठी एक पुस्तक लिहिलं होतं! माणसं सरळ रेषेत चालत नाहीत, तेव्हा ‘कॅनर खलनायक’ अशा छापाचा प्रबंध लिहू नका.

आता आपल्याकडे येऊ. हीलींचं शिकागो आणि आपली मुंबई यांच्यात एक धागा आहे, आणि तो मराठी मिशनमधून येतो. क्लिफर्ड मॅन्शार्ड हे शिकागोत शिकलेले गृहस्थ अमेरिकन मराठी मिशनतर्फे १९२५ मध्ये मुंबईत आले. धर्मप्रसारापेक्षा वस्तीत काम करण्याकडे त्यांचा ओढा होता. नागपाड्यात त्यांनी नेबरहुड हाउस काढलं, बरंचसं हल हाउसच्या धर्तीवर. तिथेच टाटा विश्वस्तनिधीच्या मदतीनं १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस. आणि दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, विद्यालयानं बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. प्रमुख होते डॉ. के. आर. मसानी. भारतातलं अशा प्रकारचं हे पहिलं केंद्र मानतात.

जागा लक्षात घ्या. देशातलं पहिलं केंद्र मनोरुग्णालयात निघालं नाही, वैद्यकीय महाविद्यालयातही नाही. ते समाजकार्याच्या शाळेत निघालं, गिरण्या आणि चाळींपासून फार दूर नसलेल्या दाट वस्तीत. आणि कोर्टाचं दारही मुंबईत उघडलेलं होतं. मुंबई बालक कायदा १९२४चा, चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ची. उमरखाडीचं निरीक्षणगृह म्हणजे जुना डोंगरीचा तुरुंग. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते तोच, ज्यावर आगरकरांचं पुस्तक आहे. मुलांच्या ‘निरीक्षणा’साठी निवडलेली इमारत तुरुंगाची होती, यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

स्वातंत्र्यानंतर वजन रुग्णालयांकडे सरकलं. बंगळूरला १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आली, १९७४ मध्ये तिची निम्हान्स झाली. डॉक्टर, प्रशिक्षण, संशोधन या सगळ्यात त्याचा फायदा झाला. पण तिघांच्या पथकातलं घरी जाणारं माणूस मला या बदलात सगळ्यात नाजूक वाटतं. ओपीडीत गर्दी असली की डॉक्टर थांबतो, चाचण्या थांबतात, आणि गृहभेट तर पहिल्यांदा रद्द होते.

तरी याच काळात आपल्याकडे एक वेगळी गोष्ट घडली, आणि ती मोठ्यांच्या वॉर्डात. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथेच राहायला बोलावलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनंही मानसिक आरोग्य केंद्रात कुटुंबासह राहण्याची पद्धत ठेवली. एकीकडे कर्मचारी कमी होते हे खरंच. पण परिणाम बघा: अमेरिकेत कुटुंबाला आजाराचं कारण म्हणून तपासलं जात होतं, त्याच सुमारास इथे काही ठिकाणी कुटुंब उपचारातलं सहकारी म्हणून राहत होतं. मुलांच्या सेवांच्या इतिहासात या तंबूंचं काय झालं, यावर कुणी नीट काम करावं असं मला फार वाटतं.

मग आज कुटुंब कुठल्या दारातून येतं? महाराष्ट्रात एक दार फार ओळखीचं आहे, प्रमाणपत्राचं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळायला लागल्या १९९०च्या दशकात. तेव्हापासून नववी-दहावीत मोठ्या रुग्णालयांतल्या रांगा वाढतात. मूल वाचताना अडखळतं हे दुसरीतच बाईंना दिसलेलं असतं, पण कागद लागतो तो दहावीला. दुसरं दार राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं, २०१३ पासूनचं. त्यात पथक अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन तपासतं, म्हणजे तत्त्वतः कॅम्बरवेलसारखं, मुलं शोधत जाणारं. तिसरं २०२२ मध्ये आलेलं टेलिमानस, १४४१६ हा फोन नंबर. तिथे कुणी पाठवायची गरज नाही. केसपेपरच नाही म्हटल्यावर आईला शेजारीण बघेल ही भीतीही जरा कमी.

आणि ज्यांना कुणीच पाठवत नाही ते? बंगळूरला एक घरोघरी पाहणी झाली होती, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांत साडेबारा टक्क्यांना निदान करता येईल असा काही त्रास होता. चार ते सोळा वयोगटात बारा टक्के. पण त्रासामुळे रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा येणारी मुलं त्या वयोगटात ५.३ टक्के. बातम्यांत पहिला आकडा येतो, दुसरा येत नाही. त्याच पाहणीत आपल्या मुलाला काही अडचण आहे असं वाटणारी कुटुंबं फक्त ३७.५ टक्के निघाली. घराचं दार आतून उघडायला आधी घरात कुणाला तरी तसं वाटायला लागतं. आणि हे बंगळूरचं झालं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटासाठी ७.३ टक्के हा आकडा आला, तो आपल्याकडच्या भाषणांत सर्रास वापरला जातो. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं होतं. त्यांत महाराष्ट्र नव्हता.

तेव्हा या विषयात प्रस्ताव लिहायला बसला असाल, तर आधी निष्कर्षांच्या मागे लागू नका. एखाद्या जुन्या केंद्राची नावनोंदणीची वही मिळते का ते बघा. छापील वार्षिक अहवालात केंद्र स्वतःबद्दल चांगलं बोलतं, वहीत ते बोलायचं विसरतं. कुणी पाठवलं हे भरलंय का, कुणाच्या अक्षरात, आणि दुसऱ्या भेटीला किती जण आले, हे तीन रकाने उतरवून घ्या. परवानगी मात्र आधी काढा, आणि नावं उतरवू नका, कारण त्या वहीतली मुलं आज सत्तरीची असतील, त्यांची नातवंडं तुमच्या वर्गात असू शकतील. दुसऱ्या भेटीला न आलेल्यांचा आकडा बहुधा मोठा निघेल. तो बघून लगेच ‘पालकांची अनास्था’ असं लिहायची घाई करू नका. केंद्र कुठल्या वेळेत उघडं असायचं, तिथून सर्वांत जवळचं बसस्टँड किती लांब, आणि त्या दिवशी रोज बुडायचा का, हे आधी शोधा.